लंडनमधली दुपारची मोफत व्याख्यानं: माझ्यासारखीला आत सोडतात का?

शैलजा_संगमनेर

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरपासून मी लंडनमध्ये, हॅरोला मुलीकडे आहे. नातू आठ महिन्यांचा आहे. फेब्रुवारीत परत जाईन. संगमनेरजवळच्या एका माध्यमिक शाळेत ३१ वर्षं विज्ञान शिकवलं, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. मंगळवारी आणि गुरुवारी जावई घरून काम करतात, त्यामुळे त्या दोन दिवशी दुपारी मला तीनेक तास मोकळे मिळतात.

परवा बाळाला घेऊन इथल्या वाचनालयात गेले होते. तिथे एका वयस्कर बाईंशी बोलणं झालं. मी विज्ञान शिकवायचे म्हटल्यावर त्यांनी सांगितलं की यूसीएलमध्ये, म्हणजे युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये, दुपारच्या जेवणाच्या वेळेत प्राध्यापक स्वतःचं संशोधन सर्वसामान्य लोकांना सांगतात. तिकीट नाही, फी नाही. ‘लंच अवर लेक्चर्स’ म्हणतात. ऐकल्यापासून डोक्यातून जात नाही.

पण मनात एक जुनी गोष्ट आहे, ती सांगते म्हणजे मी का विचारतेय ते कळेल. बारा वर्षांपूर्वी आपल्याकडच्या एका मोठ्या शहरातल्या संस्थेत व्याख्यान होतं. वर्तमानपत्रात ‘सर्वांसाठी खुले’ असं छापलं होतं. मी नववीतल्या दोन मुलींना घेऊन पहाटेच्या एसटीने निघाले. फाटकावर विचारलं, कुठल्या कॉलेजच्या? पत्र आणलंय का? मी बातमीचं कात्रण दाखवलं. आत फोन लावतो म्हणाले, बाजूला थांबा म्हणाले. आम्ही थांबलो. मग व्याख्यान संपून लोक बाहेर यायला लागले. त्या दोघींनी नव्या वह्या आणल्या होत्या. पहिल्या पानावर एसटीतच तारीख, विषय आणि वक्त्यांचं नाव लिहून ठेवलं होतं, खाली लाल रेघ मारून. परतीच्या गाडीत एकीने ते पान तसंच ठेवून मागच्या पानापासून गणितं सोडवायला सुरुवात केली. मला अजून ते पान दिसतं.

म्हणून विचारते. ओळखपत्र लागतं का? मी पाहुणी म्हणून आलेली, इथली रहिवासी नाही, ते चालतं का? माझं इंग्रजी वाचण्यापुरतं चांगलं आहे, पण ही माणसं भरभर बोलतात तेव्हा निम्मं निसटतं. आणि शेवटी प्रश्न विचारायची मुभा प्रेक्षकांना असते का, की ती विद्यार्थ्यांनाच? मी साडी नेसते, वरून कोट. लिहायला संकोच वाटतो, पण तिथे अवघडल्यासारखं होईल का, हेही कुणी खरंखरं सांगा.

अभिजित_ठाणे

ताई, या लंच अवर लेक्चर्सची रेकॉर्डिंग यूट्यूबवर असतात. ऑफिसला जाताना लोकलमध्ये मी बरीच ऐकली आहेत. थंडीपावसात एवढं लांब जाण्यापेक्षा घरी बाळ झोपल्यावर बघा. हवं तिथे थांबवता येतं, मागे नेता येतं, खाली अक्षरं लावता येतात. समजायलाही तेच सोपं.

पाटण_ते_लंडन

शैलजाबाई, नमस्कार. तुम्ही शिक्षिका, म्हणून ताईपेक्षा बाईच म्हणतो, शाळेपासूनची सवय आहे.

आधी सरळ उत्तर. सोडतात. मी युस्टनजवळच्या एका हॉस्पिटलच्या औषध विभागात काम करतो आणि गेली नऊ वर्षं, सुट्टी मिळेल त्या दुपारी, या व्याख्यानांना जातो. तुम्ही कोण, कुठल्या, कशासाठी आलात, हे मला आजवर कुणी विचारलेलं नाही. आधी वेबसाइटवर त्या आठवड्याचा विषय, जागा आणि वेळ बघून घ्या, कारण हल्ली काही व्याख्यानं ऑनलाइनच होतात आणि काहींना आधी नाव नोंदवायला सांगतात. त्यालाही पैसे नाहीत. साडीचं म्हणाल तर त्या सभागृहात मी रंगकामाचे डाग पडलेल्या कपड्यांतले कामगार पाहिलेत, सुटातले वकील पाहिलेत आणि सायकलचं हेल्मेट मांडीवर घेऊन बसलेल्या बायका पाहिल्यात. पहिल्या रांगेत एक आजोबा असतात, ते जुनी पाकिटं उसवून त्यांच्या आतल्या कोऱ्या बाजूवर बारीक अक्षरात टिपणं काढतात. तुम्ही येऊन बसलात तर लोक पिशवी उचलून जागा करतील, एवढंच.

यायला तुम्हाला फार सोपं आहे. हॅरो-ऑन-द-हिलला मेट्रोपॉलिटन लाइन पकडायची, ती जांभळी. मध्ये गाडी बदलायची नाही, थेट युस्टन स्क्वेअरला उतरायचं. वर आलात की गॉवर स्ट्रीट. तुम्ही विज्ञानाच्या बाई, म्हणून हे मुद्दाम सांगतो. चार्ल्स डार्विन १८३८ ते १८४२ या रस्त्यावर राहत होता. लग्न करून एमाला त्याने इथल्याच घरात आणलं. दुसऱ्या महायुद्धातल्या बाँबहल्ल्यांत ते घर गेलं. त्या जागेवर आता यूसीएलची इमारत आहे आणि भिंतीवर निळी गोल पाटी आहे. मी जी व्याख्यानं ऐकली त्यातली बहुतेक त्याच इमारतीतल्या डार्विन लेक्चर थिएटरात. आत जायचं मागच्या मॅलेट प्लेसच्या बाजूने. पहिल्या दिवशी वीस मिनिटं हाताशी ठेवून या, कारण तो दरवाजा पटकन सापडत नाही.

दुपारीच का, याबद्दल थोडं. ही व्याख्यानं १९४२ पासून चालू आहेत. युद्ध चालू होतं तेव्हा. रात्री ब्लॅकआउट, रस्त्यावर दिवा नाही, त्यामुळे संध्याकाळचे कार्यक्रम अवघड झाले होते. त्याच्या आधीपासूनच, ऑक्टोबर १९३९ पासून, मायरा हेस ही पियानोवादक नॅशनल गॅलरीत दुपारच्या मैफली भरवत होती. चित्रं सुरक्षित जागी हलवलेली, भिंती रिकाम्या, आणि लोक एक शिलिंग देऊन जेवणाच्या सुट्टीत संगीत ऐकायला रांगा लावायचे. यूसीएलच्या स्वतःच्या इमारतींवर १९४० आणि १९४१ मध्ये बाँब पडले होते. अशा शहरात कुणाला तरी वाटलं की दुपारचा तास लोकांना ज्ञान द्यायला वापरावा, ही गोष्ट मला दर वेळी तिथे शिरताना आठवते.

मी जायला लागलो तेव्हा व्याख्यान सव्वा वाजता सुरू व्हायचं आणि दोनला पाच कमी असताना संपायचं. चाळीस मिनिटं. दोनच्या ठोक्याला कामावर परतणारा माणूस डोळ्यांसमोर ठेवून ती वेळ बांधलेली आहे. मी आधी बाहेरच्या बाकावर डबा खातो, बाराही महिने पोळीभाजी, आणि मग आत जातो. वक्त्यालाही ते चाळीस मिनिटांचं बंधन चांगलं असतं. आयुष्यभराच्या कामातलं काय ठेवायचं आणि काय गाळायचं, हे त्याला ठरवावंच लागतं.

आता प्रश्नांचं. माझ्या दुसऱ्याच वर्षी भूकंपांवर एक व्याख्यान होतं. मी पाटण तालुक्यातला, कोयनेच्या खोऱ्यातला. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, ४ वाजून २१ मिनिटांनी जो भूकंप झाला तेव्हा माझे वडील अकरा वर्षांचे होते. दोनशेच्या आसपास माणसं गेली. आमच्या घराची मागची भिंत आजीच्या अंथरुणापासून हातभर अंतरावर कोसळली. वडील ही गोष्ट सांगताना नेहमी आवाजापासून सुरुवात करतात. आधी जमिनीखालून मालट्रक गेल्यासारखी घरघर, आणि मग मडक्यांची उतरंड कोसळली. आधी घरघर, मग उतरंड. लहानपणी मला वाटायचं, भीतीने त्यांना तसं वाटलं असेल, हादऱ्याआधी आवाज कसा येईल?

त्या दिवशी वक्त्या बाईंनी धरणांचा उल्लेख ओझरता केला होता. पाण्याचं वजन खडकावर पडतं आणि पाणी खोल भेगांमध्ये झिरपून तिथला दाब वाढवतं, आधीच ताणलेला खडक मग सरकतो, एवढंच. मी हात वर केला. छाती धडधडत होती. माईक हातात आल्यावर पाठ केलेलं इंग्रजी वाक्य विसरलो. एवढंच म्हणालो की मी कोयनेचा आहे, माझ्या वडिलांनी हादऱ्याच्या आधी आवाज ऐकला होता, हे शक्य आहे का.

बाईंनी हातातला रिमोट टेबलावर ठेवला. म्हणाल्या, तुमच्या वडिलांनी बरोबर ऐकलं. भूकंपातून दोन तऱ्हेच्या लहरी निघतात. पहिली लवकर पोचते, तिने जमीन फार हलत नाही, पण भूकंप उथळ असेल तर तिची थरथर हवेत उतरते आणि कानाला घरघर ऐकू येते. मागून येणारी दुसरी लहर भिंती पाडते. कोयनेचे भूकंप उथळच असतात. मग त्यांनी मलाच विचारलं, आवाज आणि हादरा यांत किती वेळ गेला, वडिलांना आठवतं का? मी म्हटलं, विचारून सांगतो. मी दुसरा प्रश्न विचारला, आमच्याकडे म्हणतात की पावसाळ्यात धरण भरलं की कंप वाढतात, ते खरं का? खरं आहे, म्हणाल्या, तिथल्या नोंदींत पाणी चढण्या-उतरण्याशी त्याचा संबंध दिसतो. पण पुढचा मोठा कधी, हे मी सांगू शकत नाही, आणि कुणी तसं सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. दोनशे लोकांसमोर, स्वतःच्या विषयात, ‘हे मला सांगता येत नाही’.

रात्री वडिलांना फोन केला. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “म्हणजे मी खोटं सांगत नव्हतो तर.” त्यांना कुणी खोटं पाडलं नव्हतं. पण पन्नास वर्षं त्यांच्या मनात ते राहिलं होतं हे मला त्या दिवशी कळलं. अंतर विचारलं तर म्हणाले, आईला हाक मारायला तोंड उघडलं, हाक निघायच्या आत उतरंड पडली. मी ते तसंच्या तसं इंग्रजीत लिहून बाईंना पाठवलं. त्यांचं दोन ओळींचं उत्तर आलं, आभार मानणारं.

अभिजित, तुमचं म्हणणं बरोबर आहे, रेकॉर्डिंग असतात आणि मीही बघतो. पण मोबाइलला मी वडिलांबद्दल काय विचारणार होतो?

आणखी एक गोष्ट, हिच्यावर माझं फार मन आहे. आपल्याकडे व्याख्यानांची परंपरा मोठी आहे. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केली. कराडला, साताऱ्याला मी स्वतः पटांगणात सतरंजीवर बसून ऐकत मोठा झालो. पण आपण वक्ता ऐकायला जातो. ओघ, पाठांतर, कवितेच्या ओळी, टाळ्या. इथे वक्ता कधीकधी अगदी सुमार असतो. खाली बघून बोलतो, चष्मा शोधतो. पण जो आलेख पडद्यावर असतो त्यातला एकेक ठिपका त्याने स्वतः मोजलेला असतो. एका बाईंनी असाच एक ठिपका दाखवून सांगितलं, हा मिळवायला मला दोन वर्षं लागली आणि तो माझ्या अंदाजाच्या विरुद्ध निघाला. काम करणाऱ्याच्या तोंडून ते काम ऐकायचं, हे मला आपल्याकडे फार कमी मिळालं. आपल्या विद्यापीठांतही ज्वारीवर, बिबट्यांवर, भूजलावर लोक वर्षानुवर्षं राबतायत. त्यांनी दुपारी चाळीस मिनिटं फाटक उघडं ठेवावं, असं मला मनापासून वाटतं.

इंग्रजीसाठी माझा उपाय सांगतो. आदल्या दिवशी विषय बघायचा आणि त्यातले पाच-सहा शब्द मराठीत काढून ठेवायचे. त्याच वक्त्याचं जुनं रेकॉर्डिंग मिळालं तर दहा मिनिटं ऐकायचं, म्हणजे कान त्या आवाजाला सरावतो. बसायचं पुढे, डाव्या बाजूला तिसऱ्या-चौथ्या रांगेत, तिथून ओठही दिसतात आणि पडदाही. प्रश्न आधी कागदावर मराठीत लिहायचा. मराठीत तो धड लिहिता आला की समजायचं, प्रश्न खरा आहे. इंग्रजी मोडकं असलं तरी चालतं.

निशिगंध

शैलजाताई, संध्याकाळी निघता येत असेल तर ग्रेशम कॉलेजही बघा. चान्सरी लेन स्टेशनजवळ बार्नार्ड्स इन हॉल म्हणून जुनं सभागृह आहे, तिथे. काही व्याख्यानं दुपारी एकलाही असतात. नाव नोंदवावं लागतं, पैसे नाहीत.

सर थॉमस ग्रेशम हा पहिल्या एलिझाबेथच्या काळातला व्यापारी. १५७९ साली वारला. मृत्युपत्रात त्याने लिहून ठेवलं की त्याच्या मालमत्तेच्या उत्पन्नातून सात प्राध्यापक नेमावेत आणि त्यांनी लंडनच्या लोकांसाठी मोफत व्याख्यानं द्यावीत. खगोलशास्त्र, भूमिती, वैद्यक, कायदा, संगीत, वक्तृत्व आणि धर्मशास्त्र. १५९७ साली ते सुरू झालं आणि आजही चालू आहे. पदवी नाही, परीक्षा नाही, कुणाचा प्रवेशअर्ज नाही. खगोलशास्त्राच्या प्राध्यापकपदावर एकेकाळी ख्रिस्तोफर रेन होता, लंडनचं सेंट पॉल्स हे मोठं चर्च बांधणारा. २८ नोव्हेंबर १६६० ला त्याचं व्याख्यान झाल्यावर काही मंडळी मागे थांबली, बोलत बसली, आणि त्या बैठकीतून रॉयल सोसायटी ही शास्त्रज्ञांची संस्था निघाली. व्याख्यानानंतर रेंगाळणाऱ्या लोकांबद्दल मला तेव्हापासून आदर आहे.

गेल्या हिवाळ्यात मी आईला घेऊन गेले होते. सभागृह लहान, लाकडी, उबदार. आईला इंग्रजी फारसं येत नाही, पण विषय गणिताचा होता, आकृत्या होत्या, ती शेवटपर्यंत बसली. बाहेर आल्यावर म्हणाली, “कीर्तनासारखंच की, फक्त पेटी नाही.”

जुना_बहिःशाल

मी निवृत्त प्राध्यापक, रसायनशास्त्राचा. पाटणकरांनी (गावावरून म्हणतो, आडनाव ठाऊक नाही) आपल्याकडच्या परंपरेबद्दल लिहिलं ते पटलं, पण एक भर घालायची आहे.

पुणे विद्यापीठाचं बहिःशाल शिक्षण मंडळ होतं, आजही आहे. पहिले कुलगुरू बॅरिस्टर मु. रा. जयकर, त्यांच्या नावाने जयकर व्याख्यानमाला चालते. मी पुणे, नगर, नाशिक जिल्ह्यांतल्या गावांत वीसेक वर्षं या मालेत बोललो. एसटीने जायचं, सरपंच किंवा मुख्याध्यापक घ्यायला यायचे, देवळाच्या सभामंडपात नाहीतर शाळेच्या व्हरांड्यात व्याख्यान. लोक शेतातून आलेले, हातपाय धुऊन बसलेले. ‘बहिःशाल’ या शब्दाचा अर्थच शाळेच्या भिंतीबाहेरचं शिक्षण.

माझी खंत वेगळी आहे. प्रयोगशाळेत माझं काम विहिरींच्या पाण्यातल्या फ्लोराइडवर होतं. गावांत मात्र मी ‘विज्ञान आणि अंधश्रद्धा’, ‘विद्यार्थी आणि ध्येय’ असे विषय घ्यायचो, कारण यादीत तेच असायचे आणि तेच लोकांना रुचतात असं आम्ही धरून चाललो होतो. एकदा नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात एका गावात व्याख्यान संपल्यावर एक म्हातारे गृहस्थ बाटलीत पाणी घेऊन आले. विचारलं, सर, तुम्ही पाण्याचे ना, मग आमच्या विहिरीचं सांगा, पोरांचे दात असे का पिवळे पडतात? तासभर मी ध्येयावर बोललो होतो आणि त्यांना हवं होतं ते माझ्या वहीत होतं, जे मी आणलंच नव्हतं. पुढच्या वर्षीपासून मी माझे पाण्याचे आकडे घेऊन गेलो. गर्दी निम्मी झाली आणि प्रश्न दुप्पट झाले.

शैलजाबाई, जाऊन या आणि इथे लिहा. तुम्हाला त्या फाटकावर थांबवलं हे वाचून फार वाईट वाटलं.

अभिजित_ठाणे

पाटणच्या भाऊंचा प्रश्न मान्य. मीही थोडं सांगतो. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे लोक २००९ पासून ‘चाय अँड व्हाय’ नावाचा विज्ञानाचा कार्यक्रम करतात. रविवारी सकाळी ११ वाजता, जुहूच्या पृथ्वी थिएटरला, मोफत. माटुंग्याला रुपारेल कॉलेजातही होतं. मुलगी सहावीत असताना तिला नेलं होतं. तिने विचारलेल्या प्रश्नाला शास्त्रज्ञ खाली बसून, तिच्या उंचीला येऊन उत्तर देत होते. मला तो विषय आठवत नाही, ते खाली बसणं आठवतं. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत दुसऱ्या शनिवारी शाळकरी मुलांसाठी व्याख्यानं होतात, मराठीतूनही. ताई, तुमच्या शाळेतल्या आताच्या शिक्षकांना हे जरूर कळवा.

शैलजा_संगमनेर

मंडळी, जाऊन आले. तीन आठवडे झाले, बाळाला सर्दी होती म्हणून लिहायला उशीर.

गुरुवारी गेले. मुलीने प्रवासाचं ऑयस्टर कार्ड दिलं, जावयांनी स्टेशनपर्यंत सोडलं. युस्टन स्क्वेअरला उतरून आधी डार्विनची निळी पाटी शोधली. तिच्यासमोर दोन मिनिटं उभी राहिले. दहावीला उत्क्रांती शिकवताना दर वर्षी फळ्यावर त्याचं नाव लिहायचे. मग मॅलेट प्लेसचा दरवाजा, तो खरंच सापडत नव्हता. एका मुलाला विचारलं तर तो आतपर्यंत सोडायला आला. दारात कुणी नव्हतं. दार उघडं होतं आणि कुणीही नव्हतं. मी पर्समध्ये पासपोर्टची झेरॉक्स, मुलीचा पत्ता आणि निवृत्तीचं ओळखपत्र घेऊन गेले होते. ते तसंच परत आणलं.

डावीकडे तिसऱ्या रांगेत बसले. पाटणकर, तुमचे पाकिटवाले आजोबा पहिल्या रांगेत होते.

विषय तंतुकणिकांचा. ३१ वर्षं मी फळ्यावर तंतुकणिका काढली ती शेंगदाण्याच्या आकाराची, आत नागमोडी घड्या, आणि बाजूला ‘पेशीचे ऊर्जाकेंद्र’. परीक्षेत त्याला दोन गुण. वक्त्यांनी तोच शेंगदाणा पडद्यावर दाखवला. मग म्हणाले, आता जिवंत पेशी बघा. अंधारात हिरव्या चमकत्या धाग्यांचं जाळं होतं, आणि ते हलत होतं. एक धागा लांबला, दुसऱ्याला चिकटला, दोघांचा एक झाला. दुसरीकडे एकाचे दोन तुकडे झाले. पावसाळ्यात मातीत गांडुळं वळवळतात तसं. मी एवढी वर्षं ज्याला एका जागी बसवून ठेवलं होतं ते सारखं जुळत होतं आणि तुटत होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. शेजारच्या बाईंनी रुमाल हवा का असं खुणेने विचारलं.

प्रश्न मी आधी लिहून नेला नव्हता, तिथेच वहीत मराठीत लिहिला. ‘मग पुस्तकात शेंगदाणा का?’ इंग्रजीत कसा विचारला ते आता आठवत नाही, पण त्यांना कळला. ते म्हणाले, फार चांगला प्रश्न आहे, कारण उत्तर पुस्तकाच्या पलीकडचं आहे. ती चित्रं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातली. त्यासाठी पेशी मारून, घट्ट करून तिचा अत्यंत पातळ काप घेतात. शेवयांच्या गोळ्यावरून सुरी फिरवली तर कापात काय दिसेल? लहान लहान गोल आणि लांबट तुकडे. (ते शेवया म्हणाले नाहीत, स्पॅगेटी म्हणाले.) तो तुकडा खरा आहे, पण तो धाग्याचा काप आहे. नंतर मी मागे थांबले. धागे का जुळतात, असं विचारलं. काही कारणं त्यांनी सांगितली, जुळल्यामुळे एकाची झीज दुसऱ्याकडून भरून निघते वगैरे, आणि म्हणाले, बाकीचं आम्ही अजून शोधतोय.

माझी एक विद्यार्थिनी आता आमच्याच शाळेत विज्ञान शिकवते. फाटकावर थांबलेल्या त्या दोघींमधली ती एक. ते पान तसंच ठेवणारीच. रात्री तिला फोन केला, आमच्याकडे साडेदहा, तिच्याकडे पहाटेचे चार, ते माझ्या लक्षातच आलं नाही. तिने उचलला. मी म्हटलं, तंतुकणिका शिकवशील तेव्हा आधी शेवया शिजवून वर्गात ने आणि सुरीने काप. ती म्हणाली, बाई, सावकाश सांगा, वही घेते.

जुना बहिःशाल सर, तुमची विहिरीची गोष्ट तिला वाचून दाखवली. शाळेमागच्या विहिरीचं पाणी तपासायचं असेल तर कुणाला विचारायचं, असं ती विचारते आहे. तुम्हाला इथेच निरोप पाठवायला मी तिला सांगितलं आहे.

पुढच्या मंगळवारी परत जाणार आहे. पाटणकर, तुमची सुट्टी जुळत असेल तर डब्यात दोन पोळ्या जास्त आणते. बाहेरच्या बाकावर साडेबाराला.